गेज पास झालेले गोंडे

६ ऑगस्ट १९७८, रविवार. सकाळ.

नवी वही. जुनी वही कंपनीच्या नोकरीची होती, ती बंद.

३१ जुलैला ब्रेक मिळाला. कामावरून काढले असा अर्थ नव्हे. टेंपररी माणसाचे सात महिने भरत आले की कंपनी ब्रेक देते, सगळ्यांनाच देते. सुपरवायझर म्हणाले, ११ सप्टेंबरला गेटवर येऊन बघ. मी मान हलवली. तोवर माझी गरज त्यांनाच पडेल, हे तोंडावर सांगणे बरे दिसले नसते.

आता स्वतःचा धंदा. पोळ्याला बैलांच्या शिंगांना बांधायचे लोकरीचे गोंडे. हाताने करायचे, चाकणच्या शनिवारच्या बाजारात विकायचे. गावाकडे असताना आईबरोबर केलेले आहेत. इकडे लोक हातात येईल तसा गोंडा वळतात. मी सात महिने इन्स्पेक्शनमध्ये काढले आहेत. फरक दिसेलच.

सोपानमामांचे पत्र आले आहे. आईच्या माहेरचे, आमच्याच केजकडचे. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी खडकीला थोरल्या लेकीकडे महिनाभर येणार आहेत. लिहितात, धाकटी मुलगी द्यायची तर परमनंटची ऑर्डर दाखवा, नाहीतर स्वतःचा चालता धंदा दाखवा. सण सोडून येता येत नाही, पोळा झाला की येतो.

पोळा २ सप्टेंबरला. चार आठवडे आहेत. चि. सौ. कां. चतुरा. (असे लिहिणे थोडे आधी होते आहे, पण शुद्धलेखन बरोबर आहे.)

१० ऑगस्ट, गुरुवार.

लोकर पुण्याच्या बोहरी आळीतून आणली. पाच रंग. भंगारवाल्याकडून लोखंडी कड्या, सगळ्या एकाच मापाच्या. गोंडा कडीला, कडी शिंगात. दोरी बांधायची कटकट नाही.

प्लायवूडच्या फळीला दोन भोके पाडून गेज केले. गोंडा मोठ्या भोकातून गेला पाहिजे आणि लहानातून जाता कामा नये. गेला तर रिजेक्ट. रिजेक्ट मालाला मानेपाशी लाल दोरा बांधायचा, म्हणजे चुकून बाजारात जाणार नाही. कंपनीत लाल रंग मारतात. इथे दोरा.

घरमालकीण गिरजाबाई मदतीला बसल्या. दिघीतल्याच, पिढ्यान्‌पिढ्यांच्या. सत्तरीच्या आसपास असतील. गोंडे पटापट वळतात, पण माप अजिबात नाही. आज त्यांनी अकरा केले, अकराही रिजेक्ट. मी लाल दोरा बांधत होतो, तेव्हा म्हणाल्या, “आरं, म्या हयातभर बैल सजवलं. तुझ्या फळीनं कवा सजवलं?” पुढचा दोरा बांधला. वयाचा मान.

नंतर म्हणाल्या, “आन्‌ एवढी घाई कशापायी? लई येळ हाय आजून.” या गावात कुणालाच डेडलाइन म्हणजे काय ते माहीत नाही.

१३ ऑगस्ट, रविवार.

बेचाळीस पास. एकवीस रिजेक्ट (गिरजाबाई).

खोलीतला जोडीदार रंगराव, कराडकडचा, सेकंड शिफ्टला जाताना दारात उभा राहिला. म्हणाला, “राव, आमच्याकडं बेंदूर होऊन महिना होत आला. बैलं सजली, धुतली, कामाला जुंपलीबी. तू आत्ता साज घेऊन बसलायस?” त्याला सांगितले की साताऱ्याकडच्या लोकांचे सगळेच उलटे. बैलांचा सण आषाढात कुठे असतो? श्रावणी अमावास्येला असतो. जगभर. तो म्हणाला, “जगभर म्हणजे केज तालुका का?” आणि हसत गेला. ज्याला प्रॉडक्शनमधले कळत नाही त्याच्याशी वाद नको.

लेबले लिहायला घेतली: “ज्योतीराम हस्तकला उद्योग, दिघी. तपासून पास.” माझ्या नावातला ‘ती’ दीर्घ. पहिली नऊ लेबले अक्षर वाकडे आले म्हणून फाडली.

१९ ऑगस्ट, शनिवार. चाकण.

पहिला बाजार. भोसरीहून सकाळची एसटी. जनावरांच्या बाजाराच्या तोंडाशी जागा मिळाली. मधोमध गेज मांडले, म्हणजे गिऱ्हाइकाला खात्री पटते.

पुष्कळ लोक थांबले. एकाने विचारले, हे फळीचे यंत्र केवढ्याला? विकायचे नाही म्हटल्यावर गेला.

विक्री: दोन. नाशिक रोडवरचा एक ट्रकवाला. आरशाला टांगायला नेले. ट्रकला शिंगे नसतात हे मान्य, पण सुरुवात म्हणून ठीक.

एका शेतकऱ्याने कडी बैलाच्या शिंगाला लावून पाहिली. गेली नाही. दुसऱ्या बैलाला लावली, सरकन खाली आली, डोळ्यावर. बैलाने मान झटकली. शेतकरी म्हणाला, “पोरा, परत्येक बैलाचं शिंग येगळं असतंय.” हा दोष कड्यांचा नाही. कड्या सगळ्या मापात आहेत, पुन्हा तपासल्या. बैल मापात नाहीत.

२६ ऑगस्ट, शनिवार. चाकण.

पोळ्याआधीचा शेवटचा बाजार. आज तुटून पडतील असा अंदाज होता. एकशे चार नेले.

एकशे चार परत आणले.

धोंडीबा नावाचे एक म्हातारे बराच वेळ उकिडवे बसले होते. गोंडा हातात घेतला, फुंकर मारली, लोकर चांगली आहे म्हणाले. मग म्हणाले, “झाक हाय. पर आत्ता न्हाई. फुडं बघू.” ‘फुडं बघू’ ही भाव पाडायची युक्ती. मी ताठ राहिलो. ते पुन्हा काही सांगू लागले, “आरं पावण्या, आमच्याकडं कसं असतंय...” मी म्हटले, भाव एकच. ते उठून गेले. जाताना हसले. हरलेला माणूस असाच हसतो.

गिरजाबाईंना सांगितले, इकडचे लोक शेवटच्या दिवशी खरेदी करतात. त्या म्हणाल्या, “व्हय की. पर कुटला शेवटचा दीस, त्ये...” तेवढ्यात दुधावरचे झाकण पडले आणि त्या पळाल्या. मांजर.

२ सप्टेंबर, शनिवार. पोळा.

पहाटे आंघोळ, नवा शर्ट, कपाळाला गंध. पहिल्या एसटीने चाकण.

जे पाहिले ते लिहायला हात धजत नाही.

एकही बैल सजवलेला नाही. एकही. शिंगांना रंग नाही, अंगावर झूल नाही. इतकेच नव्हे, पोळ्याच्या दिवशी बैल गाडीला जुंपलेले! कांद्याची पोती ओढत होते. आमच्याकडे या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवले तर गाव त्या घरचे पाणी पिणार नाही.

राहवले नाही. एका गाडीवानाला थांबवून म्हटले, निदान आजच्या दिवशी तरी मुक्या जिवाला विश्रांती द्या. तो माझ्या कपाळाच्या गंधाकडे बघत राहिला. मग बैलांना म्हणाला, “चला रं बाबांनो, साधूमहाराज आल्यात.” आजूबाजूचे हसले.

माझा निष्कर्ष: एमआयडीसी आली आणि सण गेले. ज्याच्या घरातला एक जण कंपनीत लागला त्याला बैल नकोसा झाला. मला वाईट धंद्याचे वाटत नाही. समाजाचे वाटते.

विक्री: शून्य.

५ सप्टेंबर, मंगळवार.

खोलीत दोऱ्यांना टांगलेले एकशे अठ्ठावीस पास गोंडे. रंगराव थर्ड शिफ्ट करून आला की त्यांच्यात डोके अडकते. म्हणतो, गोठ्यात राहिल्यासारखं वाटतंय. रिजेक्ट माल गिरजाबाईंच्या पडवीत, पाटीत.

उद्या गणपती. सोपानमामा येत्या रविवारी येणार. धंदा चालू आहे असे दाखवायचे म्हणजे खोटे बोलणे नाही. धंदा चालूच आहे. विक्री तेवढी थांबली आहे.

१० सप्टेंबर, रविवार.

सोपानमामा आले. ऑपरेशन अजून व्हायचे आहे. टांगलेल्या गोंड्यांखालून मान वाकवून आत शिरले. विचारले, “लेकरा, इकले किती?” सांगितले की यंदा या भागात पोळाच झाला नाही, औद्योगिकीकरणामुळे. मामांनी डोळे बारीक केले. तसे त्यांचे डोळे बारीकच आहेत सध्या.

मी पेढे आणायला फाट्यावर गेलो. परत येताना मामा आणि गिरजाबाई पडवीत बसून मोठमोठ्याने हसत होते. मी आल्यावर थांबले. गिरजाबाईंनी तोंडाला पदर लावला होता. दोघांचे जमले हे चांगले लक्षण आहे.

निघताना मामा म्हणाले, “गोंडे फेकू नगंस. मी अमावास्येला परत येतो, तवा बोलू. आन्‌ एक सांगू? ज्या गावात राहावं, त्या गावच्या माणसाला विचारावं कधी कधी.” हो म्हटले. मोठ्या माणसांना उपदेशाची सवय असते.

अमावास्येला का येतात ते कळले नाही. सर्वपित्री आहे. अशुभ. असो.

११ सप्टेंबर, सोमवार.

कंपनीत गेलो. घेतले. हजर झालो, फक्त बाजारातली मंदी जाईपर्यंत. सुपरवायझर म्हणाले, आलास का? मी म्हटले, आलो.

२१ सप्टेंबर, गुरुवार. साप्ताहिक सुट्टी.

आज मनाला लागेल असे वागलो.

गिरजाबाई म्हणाल्या, “तुझं समदं गोंडं दे मला. म्या इकते चाकणात.” पितृपक्ष चालू आहे. या पंधरवड्यात कुणी सुई घेत नाही, गोंडे कोण घेणार? हे त्यांना सांगायला हवे होते. सांगितले नाही. बदल्यात त्यांनी हाताने शिवलेली गोधडी देऊ केली, नऊवारीच्या मऊ कापडाची. लगेच घेतली.

म्हाताऱ्या बाईला फसवले. गोधडी उबदार आहे. त्यामुळे जास्तच वाईट वाटते.

२८ सप्टेंबर, गुरुवार.

गिरजाबाई दोन दिवस पडवीत बसून माझ्या सगळ्या कड्या कातरून काढत आहेत. कडीच्या जागी सुताची दोरी. म्हणे, शिंग बारीक असो का जाड, दोरीला काय? पास मालाची अशी वाताहत बघवेना. गेज उशाखाली ठेवले.

३० सप्टेंबर, शनिवार.

फर्स्ट शिफ्ट. साडेचारला घरी आलो तर गिरजाबाई त्यांच्या पुतण्याच्या, खंडूच्या, बैलगाडीतून उतरत होत्या. पाटी रिकामी. दोन्ही पाट्या रिकाम्या.

विचारले, पितृपक्षात कुणी घेतले?

म्हणाल्या, “आरं येड्या, परवा पोळा न्हाई का? आमचा हिकडचा पोळा भादव्याच्या आवसंला. आज्या-पंज्यापासनं. तुला सांगायला ग्येले चार टायमाला, तू आपला त्या भोकातनं गोंडं घालत बसलेला.”

मागील नोंदी तपासल्या. १० ऑगस्ट: त्या ‘लई येळ हाय’ असे म्हणाल्या आहेत. २६ ऑगस्ट: धोंडीबा, आणि दुधावरचे झाकण. १३ ऑगस्ट: रंगराव (केज तालुका). १० सप्टेंबर: मामा.

खुलासा: ‘भाद्रपद’ हा शब्द कुणीही स्पष्ट उच्चारलेला नाही.

२ ऑक्टोबर, सोमवार. गांधी जयंतीची सुट्टी. पोळा.

मामा आले. डोळ्यांवर काळा चष्मा. गिरजाबाईंनी ओट्यावर त्यांना घोंगडी अंथरून दिली.

दुपारी वाजतगाजत गावातले बैल निघाले. हिंगूळ लावलेली शिंगे, आणि प्रत्येक शिंगाला गोंडा. माझी लोकर. गिरजाबाईंनी चाकणला जाण्याआधी गावातच पुष्कळ विकले होते; सगळ्या दिघीत माझी लोकर. खंडूच्या बैलाच्या कपाळावर माझे लेबलसुद्धा होते, ‘तपासून पास’. शेजारचा बैल ते खात होता.

नीट पाहिले तर खंडूच्या दोन्ही बैलांना लाल दोऱ्याचे गोंडे. देशमुखांच्या बैलांनाही लाल दोऱ्याचेच. एक माणूस गर्दीतून ओरडत आला, “आक्का, लाल दोऱ्याचं ऱ्हायलं का? त्येच डौलदार दिसत्यात!” लोकांना लाल दोरा ही नक्षी वाटली आहे. चाकणलासुद्धा तेच आधी संपले. रिजेक्ट माल. तिथे जमलेल्या माणसांत त्या दोऱ्याचा खरा अर्थ फक्त मला माहीत होता, आणि मी तो कुणाला सांगितला नाही.

मामांनी विचारले, “गोंडे झाक झालेत. हे लाल दोऱ्याचे कुणी केले रं?”

मी म्हटले, दोरा मी बांधला.

गिरजाबाई पाठमोऱ्या झाल्या. पदर तोंडाला.

३ ऑक्टोबर, मंगळवार.

मामांना पोचवायला शिवाजीनगर स्टँडवर गेलो. त्यांच्या पिशवीत दोन गोंडे, लाल दोऱ्याचे. गिरजाबाईंनी शेवटची जोडी त्यांच्यासाठी बाजूला ठेवली होती. आमच्याकडचा पोळा होऊन महिना झाला, म्हणजे पुढच्या वर्षीसाठी नेले असणार.

खिडकीशी बसल्यावर म्हणाले, “धंदा तुझ्या घरमालकिणीला जमतोय. तू कंपनीतच राहा. पुढच्या पोळ्यापर्यंत परमनंट झालास तर चतुरा तुझी. न्हाई झालास, तर मग मला दुसरीकडं बघावं लागंल. पोरीला किती दिवस थांबवू?” मी म्हटले, पोळ्यापर्यंत नक्की. अगदी जोरात म्हटले. कंडक्टरने बेल मारली.

गाडी पुलापलीकडे दिसेनाशी होईपर्यंत उभा होतो. मग लक्षात आले, एक विचारायचे राहिले. पोळा आमच्याकडचा की इथला?

मध्ये एक महिना आहे. परमनंटच्या ऑर्डरला एक महिना पुष्कळ असतो. पत्र टाकून विचारावे तर मामा अलीकडचाच धरतील अशी भीती.

घरी येऊन गिरजाबाईंना विचारले, तुम्हाला काय वाटते, मामांनी कुठला धरला असेल?

तांदूळ निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, “आता इचारतोस व्हय.”