कलेजीचे जाड काप

भिवंडी,
ता. २० फेब्रुवारी १९७४

चि. सौ. धोंडूस,

गोदूताईचे पोटभर आशीर्वाद. वज्रेश्वरीच्या गरम पाण्याने तुझा गुडघा वळणावर आला का? दाजींनी दाढी वाढवलीय असं कळलं. शोभत असेल. (एवढ्यात काढू नका म्हणावं.)

माझा जीव मात्र सकाळपासून टांगणीला लागलाय, म्हणून लिहीत बसले. आपली काशी, माझी नात, कल्याणला कॉलेजच्या परीक्षेला गेलीय. तिचा बाप रामनाथ बोलून बसलाय, "नापास झालीस तर कॉलेज बंद, थेट हळद लावतो." परीक्षा काय, तर बकऱ्याची ताजी कलेजी कापून न्यायची. जाडसर काप, सगळे सारखे, ना शिजवलेले ना औषधात कडक केलेले. ते मग भिंगाखाली बघणार. पोरीने पहाटेच खाटकाकडून कलेजी आणली नि आंघोळीला गेली. घरात मटण आलं की आपले हात थांबतात का गं? मी धुतली, मीठ-हळद चोळून ठेवली. ती बाहेर आली नि ओरडलीच. "आजी, ही परीक्षेची व्हती!" मी म्हटलं, काप ठेवायला सरांनी दिलेल्या बाटलीत तरी मिठाचंच पाणी हाय ना? "ते मोजून घातलंय!"

पुन्हा धावाधाव. दुसरी कलेजी आली, तर ती ब्लेडखाली दबायची, घसरायची, नुसता चिखल. बसला पाऊण तास राहिलेला. मग मी जेलीसारखं थिजणारं चायना ग्रास पाण्यात विरघळवलं, कोमट होऊ दिलं (कढत ओतलं असतं तर कलेजी शिजलीच असती), त्यात तुकडा बसवला. घट्ट झाल्यावर वस्तरा घेतला, तेवढ्यात भिंतीपलीकडे कापडाचा लूम धडधडत सुरू! पाट थरथरतोय, वस्तरा थरथरतोय, काशी रडतेय. पण धोंडू, त्या थरथरीनेच वस्तरा न दाबता आपोआप आत सरकत गेला बघ! सात काप निघाले, वड्यांसारखे.

आता चार वाजले. पोरीचा पत्ता न्हाय. दारात चार वेळा जाऊन आले.

तुझी,
गोदूताई

ता.क. आली! पास! सरांनी विचारलं, "कुठल्या मशीनवर कापलेस?" ही म्हणाली, "आजीवर." मीठ-हळदीची कलेजी रामनाथने दोनदा मागून खाल्ली.

आणखी ता.क. दिवाळीला तुम्ही इकडे आलात तेव्हा दाजी घरभर शोधत होते तो वस्तरा माझ्याचकडे आहे. शिवण उसवायला बरा पडतो म्हणून मीच ठेवून घेतला होता. (न्हाव्याच्या वस्तऱ्याला ते गाल देत नाहीत, हे मला ठाऊक आहे.) काशीच्या कॉलेजची अजून दोन वर्षं आहेत. तोवर दाढी शोभते, असंच म्हणत राहा.