समुद्रातली हद्द आणि चिंचवडचे निर्बंध

चिंचवड, ९ सप्टेंबर १९८२

जनाब मामूसाहेबांना वजीरचा आदबीने सलाम.

तुमचा दमा कसा आहे? अम्माचे गुडघे? पत्र नेहमीसारखं तिला मोठ्याने वाचून दाखवा, आणि मी इथे पोटभर जेवतो हे दोनदा वाचा.

आपल्या इम्तियाजला पोरबंदरच्या बोटीवरून शेजारच्या देशाने धरून नेल्यापासून आमच्या कारखान्यात सगळेच दर्यावर्दी झालेत. शेजारच्या लेथवरचे ज्योतीराम (उस्मानाबादकडचे, पाणी पाहिलंय ते विहिरीत) विचारतात, "समिंद्रात हद्दीला तार नसती का राव?" नसते म्हटलं. "मग पोरानं ओलांडलं काय?" हाच सवाल मी पिंपरीच्या वकीलसाहेबांना टाकला. ते म्हणाले, बोट धरली त्या खाडीच्या तोंडाशी दोन्ही देशांची हद्द अजून ठरलेलीच नाही. मग धरलं कशावरून? तर ज्याची गस्तीची बोट जवळ, त्याची हद्द. नव्या सागरी कायद्याचा मसुदा मात्र फार चांगला आहे (त्यांनी इंग्रजीत वाचला, मी मान डोलावली). मासेमाराला तुरुंगात डांबू नये, जामिनावर बोटीसकट सोडावं. फक्त देशांच्या सह्या व्हायच्यात.

ज्योतीरामांना तेवढा दम कुठला? पेपरात 'आर्थिक निर्बंध' वाचून त्यांनी जेवणाच्या सुट्टीत जाहीर केलं, आपणही लादायचे. पण त्या देशाचं आपण घेतो काय? डोकी खाजवल्यावर सैंधव मीठ आठवलं, आणि ते विकतात बरकतभाई. झालं! दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या दुकानाकडे कुणी फिरकेना. साबण, बिड्यासुद्धा बंद. बरकतभाई मूळचे नगरचे, त्यांचा समुद्राशी काय संबंध? मी गेलो तर मान खाली घालून म्हणाले, "तुझ्या भावासाठी रोज दुवा मागतो रे. सांग ना त्यांना." सांगितलं. ज्योतीरामांनी माझ्या गळ्यात हात टाकला. "वजीरभाऊ, तुझ्यासाठीच तर चाललंय हे सगळं!" शेवटी ते मीठ मीच विकत घेतलं. उपयोग झाला नाही. गेल्या आठवड्यात बरकतभाई दुकानाला फळ्या लावून बायकोपोरांसकट नगरला गेले. शेजारच्या देशाला अजून यातलं काही कळलेलं दिसत नाही.

अम्माला सलाम. औषध वेळेवर घ्यायला सांगा.

तुमचा भाचा,
वजीर

ता. क. मामू, इथे "बाकी खुशाली" म्हणून पत्राची घडी घाला. पुढचं घराबाहेर जाऊन वाचा.

पुन्हा ता. क. इम्तियाजच्या बोटीचा तांडेल सुटून आला. मी पोरबंदरला जाऊन त्याला भेटलो. इम्तियाजला तुरुंगात कावीळ झाली होती. रमजानातच गेला. तिथेच दफन केलं. तांडेलाने खांदा दिला, म्हणजे आपलं एक माणूस तरी जवळ होतं. रविवारी सकाळच्या एसटीने येतोय. स्टँडवर या, मामू. एकट्याने मला घरात जाववणार नाही.