गार्सोचं रान, लातुलिपची माती

मी, ओव्हिला गार्सो, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार सेंत-अपोलोनी, क्वेबेक, पूर्ण भानावर राहून आणि कोणाच्याही दबावाशिवाय माझी शेवटची इच्छा लिहीत आहे. शाळा चौथीपर्यंतच झाली. कायद्याची भाषा चुकली तर अर्थ धरावा.

एक. माझी पत्नी फर्नांद आम्लाँ नाताळानंतर वारली. जमीन गोठली आहे, म्हणून तिची पेटी चर्चमागच्या दगडी खोलीत बर्फ वितळायची वाट बघते आहे. मला अजून काही वाटलेलं नाही. वाटाण्याचं सूप गरम करतो, खातो, भांडं धुतो. पण मे महिन्यात खड्डा कुठे खणायचा हे ठरलेलं नाही. आम्हाला मूल नाही. त्याआधी मी गेलो तर कोण ठरवणार? हीच धास्ती आहे.

दोन. घर विकून कर्ज फेडावं आणि उरेल ते चर्चला द्यावं. मागच्या दाराची कडी नीट बसत नाही, घेणाऱ्याला आधी सांगावं. मेपलचा रस उकळायची कढई शेजारी अल्मांझोर याला द्यायची होती. पण तो साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला काही मिळू नये असा कायदा आहे, म्हणून कढई त्याच्या मुलाला.

तीन. मेपलचं रान माझा थोरला भाऊ दोना लातुलिप याला.

आम्ही सख्खे भाऊ. आमचा मूळपुरुष गार्सो. फ्रान्सहून शिपाई म्हणून आला तेव्हा पलटणीत त्याला लातुलिप म्हणत. तेव्हापासून घराणं गार्सो दि लातुलिप, म्हणजे लातुलिप म्हणवणारे गार्सो. गावात गार्सो फार झाले, टपाल चुकू लागलं, तेव्हा दोनाने मागचं नाव घेतलं, मी पुढचं ठेवलं. त्यात भांडण नव्हतं. वडिलांनी रान मला दिलं आणि कबरस्तानातली जागा त्याला, तेव्हा तो म्हणाला, "गार्सोचं रान गार्सोला, लातुलिपची माती लातुलिपला. मेल्यावर आपल्या झाडाखाली झोप." त्यानंतर बोलणं बंद.

आता कबरस्तानाचा रखवालदार म्हणतो, दगडावर लातुलिप आहे, गार्सोची बायको तिथे कशी पुरू? दोनाची मुलगी मारिएत हिने चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदी शोधून मला सांगितलं की आम्हा दोघांच्याही नोंदीत दोन्ही आडनावं आहेत, आणि इथे सगळ्या पोरांना लावतात तसं पुढे जोसेफ. रखवालदाराला ते पुरत नाही. जागा ज्याची आहे त्याने स्वतः पूर्ण नाव लिहून सही केली तरच तो मानेल. म्हणून रान देऊन दोनाकडून तसा कागद घ्यावा, असं मी ठरवलं होतं.

चार. आज मारिएत त्याला घेऊन आली. त्याने बूट काढले नाहीत. वरचं सगळं वाचलं आणि विचारलं, "मला विकत घेतोस होय रे?"

मी म्हटलं, "फर्नांदसाठी."

त्याने चुलीवरच्या सुपाचं झाकण उचलून पाहिलं. मग म्हणाला, "तिचं सूप मी पण खाल्लंय, येड्या. रान पोरीला दे. मी साक्षीदार होतो."

म्हणून कलम तीनमधलं पहिलं वाक्य रद्द. रान मारिएतला.

पाच. लातुलिपच्या दगडावर फर्नांदचं नाव तिच्या माहेरच्या आडनावासकट कोरावं, माझं आडनाव तिला लावू नये. मी तिच्या डाव्या हाताला. तिला उजव्या कानाने ऐकू येत नसे.

आणखी काही सुचत नाही. याआधी काही लिहिलं असेल तर ते धरू नये.

सेंत-अपोलोनी, ९ फेब्रुवारी १९८७

सही: जोसेफ ओव्हिला गार्सो दि लातुलिप

आमच्या दोघांसमक्ष सही केली:
अल्मांझोर पिनार, शेजारी
जोसेफ दोना गार्सो दि लातुलिप, भाऊ