पाळणा परत करण्याविषयी

चि. धाकटीस ताईचे पोटभर आशीर्वाद.

तुझी कंबर, तुझ्या यजमानांचा खोकला आणि तुमची ती गळकी गच्ची, तिन्ही आता बरी असतील अशी आशा करते. (गच्ची नसणार. गवंडी तू निवडलास.) माझी प्रकृती ठणठणीत आहे. तोंड दाखवायला जागा राहिलेली नाही, एवढंच.

झालं असं. तुझी भाची आणि जावई माझ्याकडेच राहतात, ते तू जाणतेस. लेक आता अडतिसाची. गेले काही महिने तिचं काही खरं नव्हतं. भाजी काढायला फ्रिज उघडायची आणि आत डोकं घालून कोबीशी गुजगोष्टी केल्यासारखी उभी राहायची. साबणाची जाहिरात बघून रडली. जावयाने मचमच आवाज केला म्हणून ताट उचलून गॅलरीत जाऊन जेवली. (आवाज तो करतोच, पण ताट उचलून जायचा पहिला मान माझा होता.) शिवाय न्हाणीघराच्या कपाटातलं ते पाकीट, समजलीस ना कोणतं, कित्येक महिने न फोडलेलं. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म काढला. दोन टोकं दिसली की जोडायची, ही हाताची सवय. जोडली, आणि आजी होणार म्हणून लोकरीचे चिमुकले मोजे विणायला घेतले.

तिला विचारायचं? छे! आपल्या कॉन्व्हेंटमध्ये शरीरशास्त्राच्या पुस्तकातली दोन पानं सिस्टरनी डिंकाने चिकटवून टाकली होती, आठवतंय? मी इमानाने ती जन्मभर चिकटलेलीच ठेवली. तेव्हा लेकीला विचारलं नाही. एक्स्चेंजमधल्या जुन्या मैत्रिणींना मात्र सांगितलं. म्हणजे एकीलाच, आणि तेही 'कुणाला बोलू नकोस' असं बजावून. आमच्या खात्यात असं बजावणं म्हणजे सगळ्या लाइनी एकदम मोकळ्या करणं.

गेल्या आठवड्यात एका दुपारी सगळ्या जणी वर्गणी काढून आणलेला पाळणा घेऊन हजर. मच्छरदाणीसकट. मी नको नको म्हणत (खोटं; 'अगं कशाला' एवढंच म्हणत) त्यांना बसवलं आणि नेमकी लेक दवाखान्यातून परतली. "हा कुणासाठी?" तिने विचारलं. एकीने तिचा गालगुच्चा घेतला, "लबाडे, आम्हालाच विचारतेस होय?" लेकीने माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या मोज्याकडे पाहिलं आणि अगदी शांतपणे म्हणाली, "मावशी, माझी पाळी थांबलीय. बहुतेक कायमची. पाळणा जरा सांभाळून न्या, दाराच्या चौकटीचा रंग ओला आहे." आणि आत गेली.

चहाला कुणी हात लावला नाही. मी घाईघाईने मोजे लपवायला त्यांच्यावरच बसले होते, सुई टोचत होती, आणि उठायचं धैर्य होईना.

प्रायश्चित्त म्हणून पुढच्या खेपेला हट्टाने तिच्याबरोबर गेले. डॉक्टरीण कोवळी पोर; दार अर्धवट उघडं, आणि ही भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात सांगतेय! म्हणे काही बायकांची चाळिशीच्या आतच थांबते. रक्त पुन्हा तपासायचं. हाडं ठिसूळ होऊ नयेत, हृदयाला जपावं म्हणून हार्मोनच्या गोळ्या, साधारण इतर बायकांची पाळी जाते त्या वयापर्यंत. अंगाच्या वाफा, चिडचिड, विसरणं, सगळं त्यातलंच. लेकीने खाली बघून विचारलं, "माझंच काही चुकलं का? छापखान्यात रात्रपाळ्या केल्या, मूल लांबणीवर टाकलं..." डॉक्टरीण म्हणाली, "मुळीच नाही. बऱ्याचदा हे घराण्यात असतं." आणि खुर्ची माझ्याकडे वळवून, "आई, तुमची कधी थांबली?"

मला! परक्या ठिकाणी! मी पाठ ताठ करून म्हटलं, "बावन्नाव्या वर्षी." तिने ते लिहून घेतलं. "मग कारण आणखी शोधावं लागेल," म्हणत आणखी चाचण्या लिहिल्या. येताना रिक्षात लेक एकच वाक्य बोलली, "म्हणजे माझंच." तेव्हापासून आमचं बोलणं 'जेवायला ये' एवढ्यावर आलं आहे. मैत्रिणी जाताना जिन्यात टेकवून गेल्या तो पाळणा अजून तिथेच आहे. शेजारणीची मांजर त्यात झोपते, मच्छरदाणी ओढून.

यजमानांना नमस्कार. गवंड्याला नाही.

तुझी ताई

ता. क. मूळ काम राहिलंच. तुझ्या लग्नानंतर कितीतरी वर्षं मी तुला दर महिन्याला 'जास्तीचं आलं' म्हणून एक पाकीट द्यायचे. ते जास्तीचं नव्हतं. माझी एकोणचाळिसाव्या वर्षीच थांबली होती. सासूबाईंना आणि खात्यातल्या बायकांना कळू नये म्हणून मी औषधवाल्याकडून आणत राहिले, आणि आणलेलं कुठेतरी खपवायला तर हवं. तू कधी विचारलं नाहीस. तूही त्याच शाळेतली. सगळ्यांना सांगून सांगून 'बावन्न' इतकं पाठ झालं होतं की विचारल्याबरोबर तोंडातून पडलं. आता ते गिळता येत नाही. तेव्हा तूच तिला फोन करून सांग, की पोरी, तुझं काही चुकलेलं नाही, तुझ्या आईचंही असंच झालं. फोन सकाळी कर. मी मुद्दाम बाजारात असेन.

दुसरा ता. क. फोन करू नकोस. हे पत्र चिकटवायला मी डिंक शोधत होते तेवढ्यात ती टेबलफॅन घेऊन माझ्या खोलीत आली (तिच्या खोलीतला बिघडला म्हणे), आणि मी भिंतीकडे बघून सगळं सांगून टाकलं. ती आधी भडकली, आणि तिला तो हक्कच होता. तुझ्या पाकिटांपर्यंत आले तेव्हा हसायला लागली, मग रडली, मग म्हणाली, "आणि तुला वाफा यायच्या तेव्हा काय करायचीस गं?" म्हटलं, काय करणार, घाम टिपायचे आणि 'नंबर प्लीज' म्हणायचे. "कुणालाच सांगितलं नाहीस?" कुणाला सांगणार? तिने उठून पंखा माझ्याकडे वळवला. फुल्ल. सकाळी आम्ही दोघी डॉक्टरिणीकडे जाऊन बावन्न खोडणार आहोत.

तिसरा ता. क. पंखा अजून माझ्याकडेच आहे. धाकटे, मला हुडहुडी भरलीय, नाक गळतंय, अक्षर हललंय ते त्यामुळेच. पण बंद कर म्हणायची माझी छाती नाही. मिळेल त्या माणसाबरोबर एक शाल पाठव. मोजे आहेत घरात, पण लहान पडतात.