काचेचा फळा

चोपडा, शनिवार, संध्याकाळ

चिडचिड अजून गेलेली नाही. मुलांचं लिखाण लावायला भित्तिपत्रक कुठे करावं, यावर महिनाभर डोकं शिणवलं. साधा फळा पाण्याच्या टाकीजवळ, की काचेचा व्हरांड्यात? काच मीच निवडली, धुळीपासून कागद जपायला. आज हेडमास्तर नानांनी तो फळा स्वतःच्या डोळ्यांच्या उंचीवर ठोकून घेतला. पाचवीतली सुमन आपल्या शेळीविषयी लिहिलेलं बघायला टाचा उंचावून थकली. "गुरुजी, माले दिसत नही. मन्हं शे ना तठे?" आपलं तिथे आहे ना, एवढंच तिला हवं होतं.

नानांना म्हटलं, जरा खाली घेऊ. ते हसले. "अहो, तपासणीला साहेब आले की त्यांना दिसायला हवा. पोरांना काय दाखवायचंय? त्यांनीच तर लिहिलंय!"

मी गप्प बसलो. तेच खुपतंय.

मारुतीला जाऊन आलो. तिथली घंटाही उंचच. पण एक बाप मुलाला उचलून ती वाजवू देत होता. हे त्याला कुणी शिकवलं नसेल. आणि मी गुरुजी, काचेपुढे हात बांधून उभा!

सोमवारी सुमनचा कागद काढतो आणि टाकीजवळ, तोटीच्या उंचीवर, खळीने चिकटवतो. नाना रागावतील. रागावोत. कागद भिजला तर ती पुन्हा लिहील. आधी एकदा दिसू तर दे तिला.