वाट देख

रवि. ७ डिसें.
पाय दुखतायत, पण डोकं जास्त तापलंय. अक्का मला डोंगरावर सोडून गेली. सख्खी जाऊ! दर रविवारी दोघी सातपुड्यात चढतो, हा माथा तेवढा बाकी होता. शेवटच्या खडकापाशी मला धाप लागली. ती वरून ओरडली, "वाट देख!" म्हणून बसले सागाखाली वाट बघत. ऊन कललं, पाणी संपलं, हाका मारून घसा बसला. दरीत पडली की काय म्हणून रडलेसुद्धा. शेवटी एकटीच उतरले, गुडघे सोलून. घरी येते तर बाईसाहेब ओट्यावर पाय पसरून चहा पितायत. पलीकडच्या सोंडेने उतरल्या म्हणे, कुणाच्या तरी जीपमधून आल्या.

सोम. ८
विचारलंच. तर म्हणते, "मी तुले सांगेल व्हतं ना, वाट देख! वाट देखीसन वर ये, असं. तूच बशी राह्यनी."
वा! जन्मभर 'वाट देख' म्हणजे थांब. डोंगरावर गेल्यावर अर्थ बदलला? दूधखुळी समजते का मला?
भाकरी आज थापली नाही. थापू दे तिलाच.

बुध. १०
बोलणं बंद. मीठ हवं असलं तरी दोघी भिंतीला सांगतो. ह्यांना हसू येतंय. ह्यांच्यावरही भडकले.
तिने मोबाईलवर माथ्यावरचा फोटो लावलाय. एकटीचा. डोक्यावर पदर नाही, केस उडतायत. या घरात तिला इतकं हसताना कधी पाहिलं नाही. त्याचाच जास्त संताप येतोय.

शुक्र. १२
केळीला पाणी भरताना गाठलं. म्हटलं, खरं बोल. तिने आधी पाणी पुढच्या सरीत वळवलं. मग –
"थांबच म्हनेल व्हतं तुले. घरमा दिनभर अक्का, अक्का. तठे कोनी हाक मारनारं नव्हतं. माले येकलीले बरं वाटनं. तुन्ह्या हाका ऐकू उन्यात... तरी दुसरीकडथून उतरनू."
ऐकू आल्या होत्या! मी तिथे रडतेय आणि हिला ऐकू येतंय! हातातलं फावडं फेकून चालू पडले.
चीड याची की तिचं म्हणणं मला कळलं. मलाही तेच हवंय. तिने आधी घेतलं, तेही मला टाकून.

रवि. १४
बूट घातले. आज माथा गाठायचाच, एकटीने. राग तसूभर कमी नाही.
डबा भरायला गेले तर अक्काने भरून ठेवलेला. भाकरी, ठेचा, कांदा. स्वतः दारात उभी. तिच्याही पायात बूट.
"मी येऊ का वं?"
या घरात तिने कुणाला असं विचारलेलं आजवर ऐकलं नाही. ती सांगते, आम्ही करतो.
डबा घेतला. ओट्यावर बसून हे खरडतेय. ऊन चढायला लागलंय, निघायला हवं. ती अजून दारातच आहे, आणि माझ्या तोंडून हो निघत नाही, नाहीही निघत नाही.