बाण पाहूनच बटण दाबावे

त्या सकाळी मी अंगण झाडले, सडा टाकला, रात्रीच्या भाताला फोडणी घातली आणि आमच्या सुतारकामाच्या कारखान्यातला भुसा पोत्यात भरला. रात्रभर लाइन नव्हती. चौकातली विजेची डीपी जळाली होती, ती पहाटे बदलली. लाइन येताच यजमानांनी हाक मारली, "येतं का व? दरवाज्याच्या फळ्या आजच द्याच्या हायेत." मी पदराला हात पुसत गेले.

मृत्युपत्र असे सुरू करत नाहीत, हे मला माहीत आहे. म्हणून आता रीतसर लिहिते. मी, रुखमा मोतीलाल कारेमोरे, वय एकसष्ट, राहणार पवनी, जिल्हा भंडारा, पूर्ण शुद्धीत आहे आणि कोणाच्याही दबावाखाली नाही. भीती मात्र आहे. भीत भीत लिहिलेले चालते का, असे मी वकीलसाहेबांना विचारले. "कोनाची भीती, बाई?" "मशिनीची." ते हसले. "मंग चालते."

शाळा मी पाहिली नाही. यजमानांच्या मापांच्या वहीवरून अक्षरे ओळखू लागले, मग जुने पेपर वाचले. चुका असतील त्या माझ्या.

एक. राहते घर माझ्या नावावर आहे. ते मुलगा अमर आणि सून गुंजन या दोघांच्या नावे व्हावे, एकट्या अमरच्या नाही. पोस्टातली बचत गुंजनची. तिचे तिने काय केले, हे कोणी विचारू नये.

दोन. यजमानांचा मोठा रंधा माझे दीर पुंडलिकराव यांना द्यावा. तेरवीच्या दिवशी त्यांनी तो मागितला, तेव्हा मी दिला नाही. त्याच दिवशी ते चार माणसांत बोलले होते, "बाईचा हात मशिनीले लागला, म्हनून झालं हे." नऊ वर्षे मी त्यांच्या घरचे पाणी प्यायले नाही. बोलणे वाईट होते. पण खरे काय, ते त्यांना ठाऊक नव्हते. ते पुढे लिहिते.

तीन. फळी घासायची मशीन. ही यजमानांनी स्वतः बनवली. भाताच्या गिरणीतून काढलेला शाफ्ट, त्यावर लाकडी चकत्या चिकटवून केलेला ड्रम, ड्रमवर गुंडाळलेला पॉलिश पेपर आणि तीन फेजची जुनी मोटर. फळी हाताने पुढे ढकलायची. रोज ते समोरून ढकलत आणि मी मागे उभी राहून घासलेली फळी धरत असे. त्या दिवशी सागवानाच्या फळ्या जड होत्या. ते म्हणाले, "मांगं मी धरतो. तू लाव. सरळ धर, दाबू नको."

"दाबून नाही राहिली जी," मी म्हणाले.

डीपी बदलताना फेज उलटे जोडले गेले होते. असे झाले की मोटर उलटी फिरते. धानवाला शेतकरी डीपी बदलल्यावर आधी पंपाला पाणी येते का पाहतो. आम्ही काही पाहिले नाही. ड्रमने फळी माझ्या हातातून ओढून घेतली आणि मागे फेकली. ती यजमानांच्या पोटात बसली. ते खाली बसले, पाणी प्यायले, "काई नाही झालं" म्हणाले. तिसऱ्या दिवशी त्यांना भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेले. तिथे जीव जाण्याआधी त्यांनी सर्वांना सांगितले, "मी एकटाच होतो. रुखमा घरात होती."

मी घरात नव्हते. फळी मी लावली होती. मी उभी राहायची त्या जागी त्या दिवशी ते उभे होते.

त्यांच्या वहीत शेवटच्या पानावर फळी आपोआप पुढे सरकवणाऱ्या पट्ट्याचे चित्र होते. खाली लिहिले होते, "दिवाळीनंतर." पुढच्या वर्षी मी मापे वाचून दाखवली आणि वेल्डिंगवाले जागेश्वर यांनी ते बनवले. लाखनीच्या भंगारातून ट्रकच्या वायपरची मोटर आणली. ती पट्टा हळूहळू फिरवते. दोन रोलर फळी दाबून धरतात. कोणी ढकलायचे नाही, कोणी समोर किंवा मागे उभे राहायचे नाही. ड्रम कोणत्या दिशेने फिरायला हवा, ते दाखवणारा लाल बाण त्याच्या पेटीवर मी स्वतः रंगवला.

आता अमर रोलर काढायचे म्हणतो. "आई, तुह्या वायपरनं दिवस जाते. हातानं दुप्पट फळ्या निघतात."

"आनं तुह्या बाबाचं काय झालं?"

"बाबा एकटे होते, बेसावध होते. आमी दोघं हाओ ना."

"मी मांगं धरते, आई," गुंजन म्हणते. "तुमी कायले भेता?"

दर वेळी लाइन जाऊन आली की मी हातातले काम टाकून मशीनपाशी धावते. म्हणून मशीन मी गुंजनच्या नावे करते. रोलर आणि पट्टा काढू नयेत. लाइन आली की बटण दाबून लगेच बंद करावे आणि थांबता थांबता ड्रम बाणाच्या दिशेने फिरतो का ते पाहावे. हे न पाहणाऱ्याचा मशीनवर हक्क नाही, मग तो माझा मुलगा का असेना.

चार. यजमानांची वहीसुद्धा गुंजनला. शेवटचे पान फाडू नये.

वरील सर्व मी स्वतः लिहिले व साक्षीदारांसमोर सही केली.

सही: रुखमा मोतीलाल कारेमोरे
साक्षीदार: १) जागेश्वर हटवार २) मंदाबाई भुरे
पवनी, ता. ११ फेब्रुवारी २०१९

खालचा मजकूर मृत्युपत्रात धरू नये. सह्या झाल्यावर मंदाबाई म्हणाल्या, "पन हे तर तू गेल्यावर उघडन ना व?" मी रात्रभर त्यावर विचार केला. तोवर गुंजन मागे उभी राहील. आणि हे कळल्यावर अमर माझ्याशी बोलेल की नाही, याचीही मला भीती होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी, लाइन यायच्या आधी, मी अमरला आणि गुंजनला मशीनपाशी बोलावले आणि कलम तीन मोठ्याने वाचून दाखवले.